काठावर थांबलेला निळा

निळ्या झिलईचे, म्हणजे काचेसारख्या निळ्या थराचे, जुने चिनी राजभांडे समोर आले की रंगाकडे वळण्याआधी मी त्याचा काठ पाहते. वाडग्याच्या अगदी वरच्या कडेला, जिथे बाहेरचा गडद निळा संपतो आणि आतला पांढरा सुरू होतो, तिथे एक बारीक, स्वच्छ पांढरी रेघ असते. भट्टी सर्वांत तापलेली असताना झिलई वितळते, कडेवरून किंचित खाली सरकते आणि कडेवर उरलेला तिचा थर इतका विरळ होतो की खालची शुभ्र माती उघडी पडू लागते. चिनी जाणकारांनी या रेघेला दिव्याच्या वातीवरून नाव दिलेले आहे. वर अशी सरकलेली झिलई खाली बैठकीच्या कड्यापाशी पोहोचते आणि तिथे थांबते. कड्यावर तिचा ओघळ उतरत नाही, थेंब लोंबत नाही. एवढ्या प्रखर रंगाला वर एका रेघेपुरते मागे सारणे आणि खाली नेमक्या जागी रोखणे यातच या भांड्यांचा खरा कस लागतो, असे माझे मत आहे आणि आज त्याबद्दलच थोडे सविस्तर लिहायचे आहे.

चिनी पोर्सेलिन, म्हणजे उच्च तापमानाला भाजलेली पांढरी चिनी माती, म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पांढऱ्यावर निळी नक्षी असलेली भांडी येतात. त्या भांड्यांत कोबाल्ट या धातूच्या खनिजाचा निळा रंग कच्च्या मातीवर कुंचल्याने लावलेला असतो आणि त्यावर पारदर्शक झिलई चढवलेली असते. एकरंगी निळ्या भांड्यांची रीत निराळी आहे. त्यांत कोबाल्ट झिलईतच मिसळलेले असते, त्यामुळे भांड्याचा संपूर्ण बाह्यभाग एकाच खोल निळ्याने झाकला जातो. ज्यांगशी प्रांतातल्या जिंगदेझेन या गावी हे काम शतकानुशतके चालले. तिथली माती म्हणजे पोर्सेलिन दगडाची कुटलेली पूड आणि केओलिन ही पांढरी माती यांचे मिश्रण. झिलईसाठी तोच दगड, आणि त्याच्या जोडीला चुनखडी व नेच्यांची पाने एकत्र जाळून केलेली राख. या झिलईत सुमारे २ टक्के नैसर्गिक कोबाल्ट खनिज मिसळले की ती निळी होते. भांडे आधी एकदा भाजून मग त्यावर झिलई देण्याची पद्धत या कामात नव्हती. वाळलेल्या कच्च्या भांड्यावरच झिलई चढवायची आणि पाइनच्या लाकडाच्या भट्टीत, हवा रोखून, १,२८० ते १,३०० अंश सेल्सियसच्या आसपास ते एकदाच भाजायचे. त्या एका भाजणीत माती, झिलई आणि रंग या तिघांचाही निकाल लागत असे.

ज्यांनी स्टुडिओत कोबाल्टची झिलई हाताळली आहे, त्यांना ठाऊक असते की निळा रंग मिळवणे अजिबात अवघड नाही. शुद्ध कोबाल्ट ऑक्साइड अर्धा टक्का घातले तरी झिलई ठसठशीत निळी होते. अवघड असते ते त्या निळ्याला सगळीकडे सारखे ठेवणे. पांढऱ्या किंवा पारदर्शक झिलईचा थर कुठे जाड, कुठे पातळ झाला तर तो फरक सहसा डोळ्यांना जाणवत नाही. कोबाल्ट मात्र थराची प्रत्येक चूक उघड करतो. थर जाड झाला तर तो भाग काळपट दिसतो, पातळ झाला तर राखाडी आणि निस्तेज दिसतो, कुंचल्याचा फटकारा राहिला तर भाजल्यावरही तो वाचता येतो. शिवाय वितळलेल्या झिलईतून बुडबुडे वर येऊन फुटतात आणि त्यांच्या जागी संत्र्याच्या सालीवर असतात तसे बारीक खळगे उरतात. मिंग राजवटीतल्या (१३६८–१६४४) जुन्या भांड्यांवर हे खळगे स्पष्ट दिसतात. ते मला त्या पृष्ठभागाचा दोष वाटत नाहीत, कारण प्रकाश त्यांच्यामुळे एका ठिकाणी चकाकून न जाता रंगात मुरतो आणि निळा अधिक खोल दिसतो.

चिनी कुंभारांना कोबाल्ट तांग काळापासून (सातवे ते दहावे शतक) परिचित होता, परंतु तेव्हा तो प्रामुख्याने कमी तापमानाच्या, शिशाच्या झिलईत वापरला जाई. उच्च तापमानाची निळी झिलई जिंगदेझेनला युआन या मंगोल राजवटीत (१२७१–१३६८) तयार झाली. मंगोल सत्ताधाऱ्यांनी १२७८ मध्ये तिथे फूल्यांग पोर्सेलिन कार्यालय स्थापन करून राजदरबारासाठीच्या उत्पादनावर देखरेख सुरू केली होती. त्या काळातली निळी भांडी आज फार थोडी उरली आहेत. त्यांतली सर्वांत देखणी म्हणजे अरुंद तोंडाची आणि रुंद खांद्यांची उंच फुलदाणी, जिच्या गडद निळ्या अंगावर एक पांढरा ड्रॅगन ज्वाळांनी वेढलेल्या मोत्याचा पाठलाग करत भांड्याभोवती वळसा घेतो. अशा तीन फुलदाण्या ज्ञात आहेत: एक यांगझोऊच्या संग्रहालयात, एक बीजिंगच्या ग्रीष्मप्रासादात आणि एक पॅरिसच्या गिमे संग्रहालयात. यांगझोऊची फुलदाणी तिघींत मोठी असून तिची उंची ४३.५ सेंटिमीटर आहे. ड्रॅगनच्या अंगापुरती निळी झिलई बाहेर ठेवलेली आहे आणि त्याची कड इतकी स्वच्छ आहे की निळा कुठेही पांढऱ्यात पाझरलेला नाही. नख्यांच्या आणि आयाळीच्या टोकांपाशी हे साधणे किती कठीण असेल याचा अंदाज, वितळलेली झिलई कशी वागते हे पाहिलेल्यालाच करता येईल.

मिंग राजवटीचा संस्थापक होंगवू याने १३६९ मध्ये आदेश काढला की राजपूजेची सर्व भांडी पोर्सेलिनची असावीत. प्राचीन काळापासून ही भांडी कांस्याची, लाकडाची, बांबूची असत आणि प्रत्येकाला ठरलेला आकार व नाव असे. होंगवूच्या व्यवस्थेत नावे जुनीच राहिली, पण प्रत्यक्षात त्या जागी पोर्सेलिनच्या थाळ्या आणि वाडगे आले. या एका आदेशाने पोर्सेलिनला चिनी राज्यव्यवस्थेत जे स्थान दिले, ते केवळ सुंदर वस्तू म्हणून त्याला कधीच मिळाले नसते. आपल्याकडे घरात सोवळ्याची भांडी वेगळी ठेवली जात आणि रोजच्या वापरात ती कधी येत नसत, तशीच ही विभागणी होती. फरक एवढाच की तिथे घराच्या जागी साम्राज्य होते आणि भांड्यांचा हिशेब राज्याच्या विधिग्रंथांत नोंदला जात असे.

जिंगदेझेनमधल्या झूशान टेकडीवर राजभट्टी होती. तिथल्या निवडीत न टिकलेली भांडी बाजारात जाऊ दिली जात नसत. ती फोडून आवारातच पुरली जात. १९८० च्या दशकापासून पुरातत्त्वज्ञ ल्यू शिनयुआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा अशा फोडलेल्या भांड्यांचे थर बाहेर आले आणि तुकडे जुळवून कित्येक आकार पुन्हा उभे करता आले. श्वान्दे सम्राटाच्या काळातली (१४२६–१४३५) निळ्या झिलईची भांडीही त्यांत आहेत. हा काळ या निळ्याचा सर्वांत समृद्ध काळ मानला जातो. बाहेरून गडद निळी, आतून दुधासारखी पांढरी अशी ताटे आणि वाडगे, काठावर ती पांढरी रेघ, बुडाला पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत सम्राटाच्या कालखंडाची सहा अक्षरी मुद्रा: पुढच्या काळात ज्याची नक्कल होत राहिली तो नमुना इथे स्थिर झाला. काही भांड्यांवर निळ्यात पांढरी फुले किंवा मासे राखलेले आहेत, तर काहींवर निळा रंग शिंपडून बर्फ भुरभुरल्यासारखा पृष्ठभाग केलेला आहे. हे प्रकार दुर्मीळ असले तरी माझे मन साध्या, कोणतीही नक्षी नसलेल्या ताटांकडेच जाते.

या टप्प्यावर एक सावधगिरी आवश्यक वाटते. श्वान्दे काळातल्या प्रत्येक निळ्या ताटाचे वर्णन करताना ते स्वर्गपूजेचे भांडे होते असे सर्रास लिहिले जाते. निळा म्हणजे स्वर्गवेदी (सम्राट जिथे स्वर्गाची पूजा करत असे ते स्थान) हे समीकरण लिखित नियम म्हणून आले ते ज्याजिंग सम्राटाच्या काळात, म्हणजे श्वान्देनंतर सुमारे शंभर वर्षांनी. नंतरचा नियम आधीच्या भांड्यावर लादला की वस्तू अधिक पवित्र भासते आणि लिलावाच्या पुस्तिकेत शोभून दिसते, पण तिचा इतिहास त्यामुळे खोटा होतो. श्वान्दे काळातला निळा आपल्या गुणांवर पुरेसा मोठा आहे; त्याला उसन्या वेदीची गरज नाही.

ज्याजिंगने केलेला बदल मात्र मुळातून समजून घेण्यासारखा आहे. त्याच्या आधी मिंग दरबारात स्वर्ग आणि पृथ्वी यांची पूजा एकत्र होत असे. विधींच्या प्रश्नावर दरबाऱ्यांशी दीर्घ संघर्ष केलेल्या या सम्राटाने १५३० मध्ये ती वेगळी केली आणि बीजिंगच्या चार दिशांना चार वेद्यांची व्यवस्था लावली: दक्षिणेला स्वर्ग, उत्तरेला पृथ्वी, पूर्वेला सूर्य, पश्चिमेला चंद्र. त्याच वर्षी या वेद्यांसाठी लागणाऱ्या पोर्सेलिनचे रंगही ठरवले गेले. स्वर्गाला निळा, पृथ्वीला पिवळा, सूर्याला तांबडा, चंद्राला पांढरा. या विचाराला जुना आधार होता. झोऊ राजवटीचे विधी सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात निळसर जेडच्या चकतीने स्वर्गाची आणि पिवळ्या जेडने पृथ्वीची पूजा करावी असे म्हटलेले आहे. ज्याजिंगने तो आधार जिंगदेझेनच्या भट्टीपर्यंत नेला. त्यानंतर निळा हा कुंभाराच्या किंवा सम्राटाच्या आवडीचा रंग उरला नाही. तो एका वेदीला नेमून दिलेला रंग झाला, ज्याने शेजारच्या वेदीवर जायचे नाही आणि जो दुसऱ्या रंगात मिसळायचा नाही. स्वर्गाची वर्तुळाकार वेदीही तेव्हा निळ्या झिलईच्या फरशांनी मढवलेली होती, म्हणजे सम्राट ज्यावर उभा राहायचा तेही निळेच होते. ज्याजिंग काळातल्या निळ्यात बहुधा जांभळट झाक दिसते, कारण तेव्हा बाहेरून येणाऱ्या कोबाल्टचा एक वेगळा प्रकार वापरात आला होता. निळा तोच, काम तेच, पण खनिज बदलले की त्याचा स्वर बदलतो हे तिथे उघड दिसते.

कोबाल्टच्या स्रोताबद्दल थोडेसे इथेच सांगितले पाहिजे. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पश्चिम आशियातून आलेला, लोहाचे प्रमाण जास्त आणि मँगेनीज कमी असलेला कोबाल्ट महत्त्वाचा होता. देशी खनिजांत मँगेनीज अधिक असते. रासायनिक तपासणीत या दोन धातूंच्या प्रमाणावरून खनिज परदेशी की देशी याचा अंदाज बांधता येतो. छिंग राजवटीत (१६४४–१९१२) झ्येज्यांग प्रांतातले खनिज सर्वोत्तम मानले गेले.

छिंग काळाकडे वळायचे तर आधी तांग यिंग याचे नाव घेतले पाहिजे. १६८२ मध्ये जन्मलेला हा दरबारी अधिकारी १७२८ मध्ये जिंगदेझेनला आला, तेव्हा त्याला या कामाचा अनुभव नव्हता. त्याने स्वतः लिहून ठेवले आहे की लोकांच्या भेटीगाठी बंद करून तीन वर्षे तो कारागिरांबरोबर जेवला आणि राहिला. पुढे त्याने भट्टीत होणाऱ्या ५७ प्रकारांची नोंद दगडावर कोरवली, आणि १७४३ मध्ये छ्येनलोंग सम्राटाच्या आज्ञेवरून पोर्सेलिन निर्मितीच्या २० चित्रांना जोडून स्पष्टीकरणे लिहिली. राजदरबारासाठी लिहिलेल्या या मजकुरात कामगारांचे हात जितके स्पष्ट दिसतात तितके क्वचितच कुठल्या दरबारी लेखनात दिसत असतील, आणि या निळ्याविषयी आपल्याला जे नेमके ठाऊक आहे त्यातले बरेच तिथूनच आले आहे.

तांग यिंग सांगतो की निळे खनिज झ्येज्यांगमधल्या शाओशिंग आणि जिन्हुआ भागांतून येते. ते धुऊन, भट्टीच्या जमिनीत पुरून तीन दिवस भाजले जाते. मग त्याची निवड होते, आणि निवड हेच ज्यांचे काम असे खास लोक असतात. काळपट हिरवा, ओलसर तजेला असलेला, पूर्ण झळाळीचा तुकडा उत्तम समजला जाई, आणि असा उत्तम माल कशासाठी राखून ठेवत हे तो स्पष्ट लिहितो: जुन्या भांड्यांच्या प्रतिकृती, एकरंगी निळी झिलई आणि बारीक नक्षीची निळी-पांढरी भांडी यांसाठी. ज्या भांड्यावर एकही रेघ काढायची नाही, त्याच्यासाठी उत्कृष्ट चित्रकाराच्या कामाइतकाच उत्तम रंग वापरला जात होता. नक्षी नसलेले काम सोपे किंवा स्वस्त असावे असा समज ज्यांचा असेल, त्यांनी ही नोंद लक्षात ठेवावी.

निवडलेले खनिज खलायचे असे. एका खलात दहा ल्यांग, म्हणजे साधारण पावणेचारशे ग्रॅम, आणि ते वापरण्याजोगे बारीक व्हायला महिनाभर घोटावे लागे. मजुरी महिन्याला तीन छ्येन चांदी, म्हणजे जेमतेम ११ ग्रॅम. दोन्ही हातांनी दोन खल चालवणाऱ्याला किंवा रात्री दुसऱ्या प्रहराच्या नगाऱ्यापर्यंत काम करणाऱ्याला दुप्पट मिळत असे. या कामावर म्हातारी माणसे, लहान मुले आणि अपंग लोक आपली गुजराण करत, असेही तो नोंदवतो. संग्रहालयातल्या फलकावर सम्राटाचे नाव असते, क्वचित तांग यिंगचेही असते. निळ्याचा एकसारखेपणा मात्र त्या खलांत तयार झाला, कारण रंगाचा कण जाड राहिला तर झिलईत ठिपका उमटतोच.

झिलई चढवण्याच्या पद्धतीचे वर्णनही तितकेच उपयुक्त आहे. पूर्वी कोनदार भांड्यांना कुंचल्याने झिलई लावत, पण थर सारखा बसत नसे. गोल भांडी झिलईच्या रांजणात बुडवत, पण मोठे भांडे भिजून जड झाले की फुटे. भाजणी अजून झालेली नसल्यामुळे ते मुळात वाळलेली मातीच असे. म्हणून लहान गोल भांडी बुडवण्याची रीत कायम ठेवून मोठ्यांसाठी फुंकण्याची रीत आली. इंचभराहून थोड्या जास्त व्यासाची, सात छुन म्हणजे सुमारे २२ सेंटिमीटर लांबीची बांबूची नळी घ्यायची, तिच्या एका तोंडावर तलम जाळीदार कापड बांधायचे, ते झिलईत बुडवायचे आणि दुसऱ्या टोकाने फुंकर मारायची. भांड्याच्या आकारानुसार आणि झिलईच्या प्रकारानुसार तीन-चार वेळांपासून सतरा-अठरा वेळांपर्यंत हे करावे लागे. जिंगदेझेनमध्ये राहून १७१२ आणि १७२२ मध्ये सविस्तर पत्रे लिहिणाऱ्या दांत्रकोल या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूनेही नळीने रंग फुंकण्याच्या पद्धतीचे वर्णन केले आहे. सतरा वेळा फुंकलेल्या थराची जाडी सर्वत्र सारखी ठेवायची, काठापाशी तो किती असावा आणि बैठकीच्या वर नेमका कुठे संपावा हे आधीच ठरवायचे, कारण भट्टी बंद झाल्यावर कोणाचाच इलाज चालत नाही. योंगझेंग आणि छ्येनलोंग या सम्राटांच्या काळातल्या भांड्यांची जी सफाई आपण पाहतो तिच्यामागे हा हिशेब आहे.

छ्येनलोंगने १७४८ मध्ये राजपूजेच्या भांड्यांची व्यवस्था पुन्हा बदलली. होंगवूच्या काळापासून जुन्या नावांखाली साध्या थाळ्या आणि वाडगे चालत आले होते, हे त्याला मान्य नव्हते. त्याने ठरवले की नावाला साजेसा आकार असला पाहिजे, आणि प्राचीन कांस्यभांड्यांचे आकार पोर्सेलिनमध्ये घडवले जाऊ लागले. रश्शासाठी उंच दांड्याचे ‘तंग’, मसालेदार रश्शासाठी तीन पायांचे ‘शिंग’, शिजवलेल्या धान्यासाठी चौकोनी ‘फू’ आणि गोलसर ‘क्वे’, लोणची आणि मांसाच्या खारवलेल्या पदार्थांसाठी झाकणाचे ‘तो’. स्वर्गवेदीच्या मुख्य स्थानापुढे ‘तंग’ एक, ‘फू’ आणि ‘क्वे’ प्रत्येकी दोन आणि ‘तो’ बारा असा क्रम होता. फळे आणि सुक्या पदार्थांसाठीच्या बारा टोपल्या मात्र बांबूच्याच राहिल्या. रंगांची वाटणी ज्याजिंगचीच राहिली, फक्त चंद्राचा पांढरा आता किंचित निळसर झाला. १७५९ मध्ये पूर्ण झालेल्या सचित्र विधिसंहितेत ही भांडी मापांसह नोंदवलेली आहेत आणि त्यांच्या जोडीला सम्राटाचे पोशाखही आहेत: हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी स्वर्गवेदीवर जाताना सम्राटाने निळा पोशाख घालायचा असे.

कुंभाराच्या दृष्टीने हा बदल मोठा होता. गोल वाडग्यावरून झिलई सगळीकडून सारखी सरकते. चौकोनी फूच्या कोपऱ्यांवर, कड्यांवर आणि उठावदार नक्षीवर तीच झिलई विरळ होते आणि खोबणींत साचते. म्हणून छ्येनलोंग काळातल्या या भांड्यांवर पांढरी रेघ केवळ काठावर न राहता प्रत्येक कडेवर, उठावाच्या प्रत्येक वळणावर उमटलेली दिसते आणि नक्षी वेगळ्या रंगाशिवाय वाचता येते. बुडाची मुद्राही अनेकदा मातीतच कोरलेली असून निळ्या झिलईखाली असते. काहींना ही भांडी जड आणि शुष्क वाटतात. मला ती विलक्षण वाटतात, कारण झिलईचा जो स्वभाव आधी फक्त काठावर दिसत होता, त्याचा इथे संपूर्ण भांडे वाचण्यासाठी उपयोग करून घेतलेला आहे.

त्याच वर्षांत ही वेदी ज्या आवारात आहे त्या बीजिंगच्या स्वर्गमंदिराची वास्तूही बदलत होती. १७४९ मध्ये वर्तुळाकार वेदी वाढवली गेली आणि तिच्या निळ्या फरशा जाऊन दगड आला. उत्तम पिकासाठी प्रार्थना करण्याच्या सभागृहाची तिन्ही छपरे ज्याजिंग काळात निळी, पिवळी आणि हिरवी होती. १७५१ मध्ये ती तिन्ही निळी केली गेली. ही कौले पोर्सेलिनची नव्हेत, त्यांची झिलई कमी तापमानाची असते. आज पर्यटक ज्या छपराचे छायाचित्र काढतात तेही १८८९ च्या विजेच्या आगीनंतर पुन्हा बांधलेल्या इमारतीचे आहे. तरीही छपरापासून भांड्यापर्यंत एकच निळा पोहोचवण्याची कल्पना तिथे प्रत्यक्ष दिसते.

राजवाड्यात निळ्याला दुसरेही एक काम होते. छिंग दरबारात राण्यांच्या दर्जानुसार जेवणाच्या भांड्यांचे रंग ठरलेले होते. सम्राज्ञीला आतून-बाहेरून पिवळी भांडी, तिच्याखालच्या राण्यांना बाहेरून पिवळी आणि आतून पांढरी, किंवा पिवळ्यावर हिरवे ड्रॅगन. आणि त्याहून खालच्या ‘पिन’ या दर्जाला निळ्या पार्श्वभूमीवर पिवळे ड्रॅगन. स्वर्गाला अर्पण होणारा रंग अंतःपुरात मधल्या पायरीवर येतो, याचे मला सुरुवातीपासून कुतूहल वाटत आले आहे. रंगाला स्वतःची अशी प्रतिष्ठा नव्हती. तो कुठे ठेवला जातो त्यावरून त्याची प्रतिष्ठा ठरत होती.

शोभेसाठीही निळी भांडी झाली. छ्येनलोंग काळात गोलाकार मोठ्या फुलदाण्यांवर निळ्यावर सोन्याचे काम केले गेले. मे २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूबरी येथे अशी एक फुलदाणी, निळ्यावर सोनेरी-रुपेरी करकोचे आणि वटवाघळे असलेली, १४ लाख पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. त्याआधी ती एका घराच्या स्वयंपाकघरात ठेवलेली होती. या बातमीमुळे निळ्या झिलईकडे अनेकांचे लक्ष वेधले गेले हे चांगलेच झाले. माझे मत विचाराल तर सोने त्या निळ्यावर अन्याय करते. डोळा सोन्यावर खिळतो आणि झिलई केवळ पार्श्वभूमी होऊन जाते. याउलट कोबाल्टचे प्रमाण बरेच कमी ठेवून केलेली कांग्शी सम्राटाच्या काळातली फिकट आकाशी भांडी, लेखनाच्या मेजावर ठेवायची पाण्याची कुपी किंवा कुंचले धुण्याचे लहान पात्र, यांत झिलईला पुन्हा बोलू दिलेले आहे.

राजपूजा १९११ च्या क्रांतीबरोबर थांबली. डिसेंबर १९१४ मध्ये नव्या प्रजासत्ताकाचा राष्ट्राध्यक्ष युआन शिकाई याने स्वर्गवेदीवर ती एकदा पुन्हा केली, तीच शेवटची, आणि १९१८ मध्ये ते आवार सर्वांसाठी उद्यान म्हणून खुले झाले. त्याआधी, १९०० मध्ये परकीय फौजा बीजिंगमध्ये शिरल्या तेव्हा ब्रिटिश सैन्याचा तळ, ज्यात भारतीय पलटणीही होत्या, स्वर्गमंदिराच्या आवारात पडला होता आणि तिथली बरीच विधिसामग्री लुटली गेली. त्या लुटीतली एक कांस्यघंटा पुढे भारतात येऊन राहिली. १९९४ मध्ये भारताचे लष्करप्रमुख जनरल बिपिनचंद्र जोशी यांच्या चीन भेटीच्या वेळी ती परत दिली गेली. संचातली भांडी एकेकटी जगभर पसरली की त्यांचा अर्थही तुटतो, कारण तो रंग बारा ‘तो’, दोन ‘फू’ आणि दोन ‘क्वे’ एकत्र मांडले जातील म्हणून ठरवलेला होता.

राजवाड्यातला मुख्य साठा आज बीजिंग आणि तैपेई इथल्या दोन राजवाडा संग्रहालयांत आहे. चीनबाहेरच्या सर्वांत अभ्यासपूर्ण संग्रहाचा उगम मात्र मुंबईशी जोडलेला आहे. पर्सिव्हल डेव्हिड यांचा जन्म १८९२ मध्ये मुंबईत झाला. त्यांचे वडील सर ससून डेव्हिड हे बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी होते. पर्सिव्हल यांनी चिनी भाषेचा अभ्यास केला, राजमुद्रा आणि लेख असलेल्या भांड्यांवर विशेष भर दिला आणि बीजिंगच्या एका बँकेकडे गहाण पडलेल्या राजवाड्यातल्या वस्तूंपैकी काही विकत घेतल्या. त्यांच्या संग्रहात सुमारे १,७०० वस्तू आहेत. २००९ पासून हा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ९५ क्रमांकाच्या दालनात मांडलेला आहे आणि तो संग्रहालयाला कायमचा देण्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. लंडनमध्ये राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या वाचकांनी या दालनासाठी वेगळा वेळ काढावा. छायाचित्रांत आणि पडद्यावर हा निळा हमखास अधिक चमकदार केलेला असतो. मिंग आणि छिंग काळांतले एकरंगी तुकडे एकाच खोलीत, एकाच प्रकाशात प्रत्यक्ष पाहिल्यावर खनिज, खलाई आणि फुंकर यांनी घडवलेले फरक स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहता येतात, आणि त्यासाठी तिकीटही लागत नाही.